गणित एका जागी, मांडणी अनेक जागी: प्रोग्रॅमचे लॉजिक आणि त्याची मांडणी वेगळी ठेवण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बडोद्यातल्या एका मराठी मंडळाच्या ग्रंथालयात पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम आम्ही काही जण हौसेने सांभाळतो. दरवर्षी दोन-तीन नवे विद्यार्थी मदतीला येतात आणि जवळजवळ तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे येथे एकत्र लिहून ठेवली आहेत. उदाहरणे बहुतेक आमच्याच प्रोग्रॅममधली आहेत.

लॉजिक आणि मांडणी वेगळी ठेवायची म्हणजे नेमके काय करायचे?

प्रोग्रॅम जे ठरवतो ते लॉजिक, आणि ठरलेली गोष्ट तो ज्या रूपात माणसापुढे ठेवतो ती मांडणी. एखाद्या सभासदाला किती विलंब शुल्क लागले हे ठरवणे लॉजिकचे काम आहे. तो आकडा खिडकीवरच्या स्क्रीनवर मोठ्या अक्षरांत दाखवायचा, पावतीवर छापायचा की मोबाईलवर संदेश म्हणून पाठवायचा, हे मांडणीचे काम आहे. ही दोन कामे कोडच्या वेगवेगळ्या भागांत असावीत, मांडणीने लॉजिकला उत्तर विचारावे आणि लॉजिकला मांडणीची खबरही नसावी, एवढीच मूळ अपेक्षा आहे.

पण दोन्ही एकाच फाइलीत असले तर बिघडते कुठे?

आमच्याकडे बिघडले ते असे. विलंब शुल्क दिवसाला ५० पैसे होते, ते मंडळाने १ रुपया केले. शुल्काचा हिशेब तेव्हा तीन ठिकाणी लिहिलेला होता: खिडकीच्या स्क्रीनमध्ये, मराठी पावतीच्या टेम्प्लेटमध्ये (म्हणजे रिकाम्या जागी माहिती भरायच्या साच्यात) आणि गुजराती पावतीच्या टेम्प्लेटमध्ये. आम्ही पहिल्या दोन ठिकाणी दर बदलला आणि तिसरे विसरलो. पुढच्याच आठवड्यात रावपुऱ्याकडून येणारे एक वयस्कर सभासद पुस्तक परत करायला आले. मुदत १७ जून २०२४ ला संपली होती आणि पुस्तक आले २६ जूनला, म्हणजे ९ दिवस उशिरा. मधला रविवार, २३ जून, सुटीचा असल्यामुळे वजा केला की ८ दिवस उरतात. स्क्रीनवर ८ रुपये आले, त्यांनी ८ रुपये दिले, त्यांना हवी असलेली गुजराती पावती छापली गेली आणि तिच्यावर ४ रुपये होते. त्यांनी पावती खिडकीत परत ठेवली आणि शांतपणे विचारले, “उरलेले चार रुपये कुणाचे?”

चूक आमची होती, आणि ती केवळ विसराळूपणाची नव्हती. जो निर्णय एकच आहे तो तीन जागी लिहिण्याची सोय आम्हीच ठेवली होती, त्यामुळे आज ना उद्या हे होणारच होते. आता शुल्क ठरवणारे फंक्शन एकच आहे. त्याला मुदतीची तारीख, परतीची तारीख आणि सुट्यांची यादी द्यायची, ते पैशांत एक पूर्णांक परत देते. तिन्ही मांडण्या तोच आकडा घेतात, आणि रविवार वजा करायचा असतो हे त्यांच्यापैकी कुणालाच ठाऊक नसते.

एखादी ओळ लॉजिकची की मांडणीची, हे ओळखायचे कसे?

मी स्वतःला एक प्रश्न विचारतो. उद्या संगणक बंद पडला आणि खिडकीवरच्या माणसाने वहीत नोंद करायला सुरुवात केली, तर हा नियम तरीही पाळावा लागेल का? लागणार असेल तर तो लॉजिक आहे. एका सभासदाला एका वेळी ३ पुस्तके, हा नियम वहीतही लागू आहे. थकलेली नावे लाल रंगात दाखवायची, ही गोष्ट स्क्रीनबरोबर बंद पडते.

लाल रंगाचेच उदाहरण जरा जवळून पाहण्यासारखे आहे, कारण फसगत नेमकी तिथे होते. ‘मुदत उलटून शून्याहून जास्त दिवस झाले असतील तर ओळ लाल कर’ असे एकाने टेम्प्लेटमध्ये लिहिले होते. लाल रंग मांडणीचा आहे, म्हणून ही अटही मांडणीची, असे त्याला वाटले. पुढे मंडळाने परगावी गेलेल्या सभासदांना २ दिवसांची सवलत दिली. शुल्काचे फंक्शन बदलले, टेम्प्लेटमधली अट मात्र तशीच राहिली. परिणामी ज्यांना काहीही देणे नव्हते त्यांची नावे लाल दिसू लागली आणि त्यांना विनाकारण फोन गेले. ‘हे पुस्तक मुदतबाह्य आहे का’ या प्रश्नाचे हो किंवा नाही असे उत्तर लॉजिकने द्यायला हवे. मुदतबाह्य असेल तर लाल की केशरी, ठळक की तिरपे, एवढेच टेम्प्लेटने ठरवावे.

मग टेम्प्लेटमध्ये एकही अट किंवा लूप नसावा का?

असावा. यादी दाखवायची तर लूप, म्हणजे तीच कृती एकेका नोंदीसाठी पुन्हा करण्याची सोय, लागणारच, आणि यादी रिकामी असेल तेव्हा ‘सध्या आपल्याकडे एकही पुस्तक नाही’ असे लिहायला अटही लागणार. या बाबतीत संगणकशास्त्रज्ञ टेरेन्स पार यांनी २००४ मधल्या एका शोधनिबंधात घातलेली बंधने मला उपयोगी वाटतात. टेम्प्लेटने मूळ माहिती बदलू नये, आलेल्या मूल्यांवर आकडेमोड करू नये, त्या मूल्यांची आपापसांत तुलना करू नये, आणि उलट बाजूने पाहता लॉजिककडून येणाऱ्या माहितीत रंग, फॉन्ट वा टॅग (मजकूर कसा दिसावा हे सांगणाऱ्या खुणा) नसावेत. शेवटचे बंधन लोक सर्रास विसरतात. शुल्काच्या फंक्शनने ‘८००’ (पैसे) ऐवजी ठळक अक्षरांच्या टॅगात गुंडाळलेले ‘८ रुपये’ परत दिले, तर वेगळेपणा तिथेच संपतो, कारण तो टॅग मग छापील पावतीवरही येतो.

ही बंधने मी शब्दशः पाळत नाही. एक ओळ पांढरी आणि एक राखाडी करण्यासाठी क्रमांक सम की विषम हे टेम्प्लेटने पाहिले, तर त्यात कसलाही व्यवहार ठरत नाही.

तीन भाषांत काम करताना याचा काय फायदा होतो?

बडोद्यात राहणाऱ्याला हा प्रश्न खरे तर पडू नये. दांडिया बाजारात घरी मराठी, दुकानात गुजराती आणि कचेरीत इंग्रजी, असे आपण रोजच करतो, आणि प्रोग्रॅमलाही तेच करावे लागते.

नावापासून सुरुवात करू. मराठीत आपण आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे आणि शेवटी आडनाव लिहितो. गुजरातेत शाळेच्या दाखल्यापासून आडनाव आधी लिहिण्याची रीत आहे, आणि आदराने बोलावताना नावामागे भाई किंवा बेन लागते. आमच्या जुन्या डेटाबेसमध्ये पूर्ण नावाचा एकच रकाना होता. काहींनी ते एका क्रमाने भरले, काहींनी दुसऱ्या, आणि मधले नाव कुठले व आडनाव कुठले हे सांगणे यंत्राला अशक्य झाले. आता तीन रकाने आहेत आणि क्रम टेम्प्लेट ठरवते. श्री., सौ., श्रीमती हे मात्र मांडणीत ठरवता येत नाही. कुणाला काय म्हणवून घ्यायचे आहे ही त्या सभासदाची माहिती आहे, म्हणून ती नोंदीत साठवावी लागते.

आकड्यांचे तसेच. ब्राउझरला मराठी लोकेल (भाषा आणि प्रदेशाची निवड) सांगितला की तो आपणहून देवनागरी अंक दाखवतो आणि १२,३४,५६७ असे आपल्या पद्धतीने स्वल्पविराम देतो. हे सुखाचे आहे, पण दाखवलेला मजकूर परत हिशेबात घेण्याचा मोह आवरावा लागतो. एका विद्यार्थ्याने पानावर दिसणारा ‘८’ जावास्क्रिप्टने उचलून त्यात अनामत मिळवण्याचा प्रयत्न केला. जावास्क्रिप्टला देवनागरी ८ हा अंक वाटत नाही, त्यामुळे उत्तर ‘ही संख्या नाही’ असे आले. स्क्रीनवर दिसते ते वाचण्यासाठी असते. हिशेबाचा आकडा मुळाकडूनच घ्यावा.

वाक्ये कुठे तयार करायची?

संपूर्ण वाक्य मांडणीच्या बाजूला ठेवावे. ‘आपल्याकडे’ अधिक संख्या अधिक ‘पुस्तके आहेत’ असे तुकडे लॉजिकमध्ये जोडले, तर ज्याच्याकडे एकच पुस्तक आहे त्याला ‘आपल्याकडे १ पुस्तके आहेत’ असे वाचावे लागते. मराठीत एकवचनाला ‘पुस्तक आहे’ हवे. गुजरातीत क्रियापद दोन्हीकडे ‘छे’ असे एकच राहते, म्हणून तिथे वाक्य वेगळ्या रीतीने बसते. लॉजिकने फक्त संख्या द्यावी आणि प्रत्येक भाषेच्या टेम्प्लेटने आपापल्या व्याकरणाप्रमाणे वाक्य करावे. हे काम व्याकरण जाणणाऱ्याकडे सोपवता येते, हा आणखी एक लाभ. आमची मराठी वाक्ये मंडळातल्या एका निवृत्त शिक्षिकेने सुधारली, आणि त्यासाठी त्यांना प्रोग्रॅमिंग शिकावे लागले नाही.

सभासदांची यादी अकारविल्हे लावणे हे लॉजिक आहे की मांडणी?

यावर आमच्यात अजून एकमत नाही. युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’च्या लगेच पुढे आहे, तर मराठी वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. केवळ युनिकोडच्या क्रमांकांवर यादी लावली तर मराठी वाचकाला ‘ळ’ असलेले शब्द अनपेक्षित जागी सापडतात. गुजराती यादीचा क्रम आणखी निराळा, कारण तिथे आडनाव पुढे असते. माझ्या मते वाचणाऱ्याच्या सोयीसाठी लावलेला क्रम मांडणीचा आहे. पण आरक्षित पुस्तक आधी कुणाला मिळणार हे ज्या रांगेवरून ठरते, तिचा क्रम शुद्ध लॉजिक आहे आणि स्क्रीनवर कुणी रकान्याच्या मथळ्यावर क्लिक केले म्हणून तो बदलता कामा नये.

पूर्णांकात रूपांतर कुठे करावे?

पैसे प्रत्यक्ष तितकेच घ्यायचे असतील तर लॉजिकमध्ये, आणि फक्त दाखवण्यापुरते असेल तर मांडणीत. स्प्रेडशीटमध्ये हे डोळ्यांनी पाहता येते. दोन रकान्यांत १.४ आणि १.४ लिहा, तिसऱ्यात बेरीज करा आणि दशांश स्थळे शून्य करा. दिसते १, १ आणि ३. प्रत्येक आकडा आपल्या जागी बरोबर आहे, पण पावतीवर असे छापले तर कुणीही भांडेल. त्याच स्प्रेडशीटमध्ये १७ जून २०२४ ही तारीख लिहून त्या चौकोनाचे स्वरूप साध्या संख्येचे केले, तर एक्सेल ४५४६० दाखवते. साठवलेले मूल्य ते, आणि तारीख ही त्याची मांडणी. प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या हिशेबनिसाला हा सारा विषय मी याच एका चौकोनावर समजावला होता. रुपये साठवताना मात्र दशांश चिन्हाच्या वाटेला न जाता पैशांत पूर्णांक साठवावा, कारण संगणकाच्या नेहमीच्या दशांश गणितात ०.१ आणि ०.२ यांची बेरीज नेमकी ०.३ येत नाही.

तारीख आणि वेळ दाखवणे तरी निव्वळ मांडणी आहे ना?

दाखवणे ही मांडणी आहे, ‘आज’ कोणती तारीख आहे हे ठरवणे नाही. आमचा सर्व्हर जागतिक वेळेवर चालतो आणि भारतीय वेळ त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. कुणी १८ जूनच्या पहाटे २ वाजता घरून १७ जूनला संपलेली पुस्तकाची मुदत वाढवली, तर सर्व्हरच्या घड्याळात तेव्हा १७ जूनचे रात्रीचे साडेआठ वाजलेले असतात, आणि उशीर झालेला असूनही मुदतवाढ वेळेत धरली जाते. स्क्रीनवर भारतीय वेळ दाखवून हा घोटाळा मिटत नाही. शुल्काच्या फंक्शनला भारतीय दिनांकच द्यावा लागतो.

‘एमव्हीसी’ हे काय प्रकरण आहे आणि ते कुठून आले?

मॉडेल, व्ह्यू आणि कंट्रोलर या तीन शब्दांची ती आद्याक्षरे. नॉर्वेचे ट्रिग्वे रीन्सकाउग १९७८-७९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या संशोधन केंद्रात पाहुणे म्हणून काम करत होते. तिथल्या स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंग भाषेत काम करताना, वापरणाऱ्याच्या मनातली माहिती आणि स्क्रीनवरची तिची रूपे यांची सांगड कशी घालावी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या १९७९ च्या टिपणांत आधी ‘एडिटर’ असाही एक घटक होता, आणि ‘कंट्रोलर’ हे नाव वर्षअखेरीस स्थिरावले. त्याआधी डेव्हिड पार्नास यांनी १९७२ मध्ये, बदलण्याची शक्यता असलेला प्रत्येक निर्णय एकेका मॉड्यूलमध्ये लपवावा असे मांडले होते, आणि एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९७४ मध्ये एका वेळी एकाच बाजूचा विचार करण्याच्या शिस्तीला नाव दिले होते.

स्मॉलटॉकमधला कंट्रोलर माउस आणि कीबोर्डकडे लक्ष ठेवत असे. वेबवरचा कंट्रोलर ब्राउझरकडून आलेली विनंती घेतो, लॉजिककडून उत्तर मिळवतो आणि टेम्प्लेटच्या हाती देतो. नाव एक, काम बरेच बदललेले. जँगो या पायथॉनच्या फ्रेमवर्कमध्ये तर ज्याला इतर लोक कंट्रोलर म्हणतील त्याला व्ह्यू म्हणतात आणि ज्याला व्ह्यू म्हणतील त्याला टेम्प्लेट. मुलाखतीसाठी नावे पाठ करणाऱ्यांची यात फार गडबड होते. ‘कोण ठरवतो आणि कोण दाखवतो’ हे कळले असेल तर नावांनी अडत नाही.

एचटीएमएल आणि सीएसएस हाही याचाच भाग आहे का?

एक मजला खाली, हो. ‘हे शीर्षक आहे’ हे एचटीएमएल सांगते आणि ‘शीर्षक निळे दिसावे’ हे सीएसएस. होकोन व्हिउम ली यांनी सीएसएसचा प्रस्ताव १९९४ मध्ये मांडला आणि पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये अधिकृत झाली. त्यापूर्वी रंग आणि फॉन्ट प्रत्येक पानात जागोजागी लिहिले जात.

रिॲक्टमध्ये तर मार्कअप आणि जावास्क्रिप्ट एकाच फाइलीत असते. मग हे तत्त्व मोडीत निघाले का?

रिॲक्ट हे वेबपानांचे घटक बनवण्याचे जावास्क्रिप्टचे साधन २०१३ मध्ये सर्वांसाठी खुले झाले तेव्हा पुष्कळांनी हाच आक्षेप घेतला. पण दोन भाषा दोन फाइलींत ठेवणे म्हणजे लॉजिक आणि मांडणी वेगळी करणे नव्हे. बटण, ते दाबलेले आहे की नाही याची नोंद आणि त्याचा रंग, ही सगळी मांडणीचीच बाब आहे आणि ती एकत्र असण्यात गैर काही नाही. त्याच घटकात विलंब शुल्काचा दर लिहिलेला सापडला, तर मात्र आमचे ४ रुपये पुन्हा हरवणार.

मोबाईल क्रमांक १० अंकी आहे का, ही तपासणी कुठे करायची?

सर्व्हरवर केलीच पाहिजे. ब्राउझरमध्येही करावी, पण ती भरणाऱ्याची सोय म्हणून, कारण ब्राउझरमधली तपासणी कुणालाही टाळता येते.

सुरक्षिततेशी याचा काय संबंध?

वापरणाऱ्याने भरलेला मजकूर पानावर दाखवताना त्यातली विशेष चिन्हे निरुपद्रवी करावी लागतात, नाहीतर नावाच्या रकान्यात कुणी स्क्रिप्ट लिहिली तर ती दुसऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते. हे काम मांडणीने, दाखवतानाच करायचे असते. आम्ही पूर्वी ते साठवताना करत होतो, आणि ‘आणि मंडळी’ या अर्थी & चिन्ह असलेल्या एका प्रकाशकाच्या नावात त्या चिन्हाच्या जागी एचटीएमएलचा सांकेतिक शब्द साठला. ब्राउझरमध्ये नाव ठीक दिसे, छापील यादीत मात्र ती विचित्र अक्षरे जशीच्या तशी उमटत. आजची बहुतेक टेम्प्लेट इंजिने हे आपोआप करतात. ती सोय बंद करण्याआधी दहा वेळा विचार करावा.

वेगळे केल्याने प्रोग्रॅम हळू होतो का?

जाणवण्याइतका नाही. उलट आमचा वेगवान झाला. सभासदांच्या यादीच्या टेम्प्लेटमध्ये प्रत्येक नावामागे थकबाकीसाठी डेटाबेसला नवी क्वेरी (माहितीची विचारणा) जात होती. यादीत ४०० नावे असली तर यादीची १ आणि थकबाकीच्या ४००, मिळून ४०१ क्वेरी. टेम्प्लेटला डेटाबेसकडे जाण्याची मुभाच काढून घेतल्यावर सारी माहिती आधीच गोळा करून देणे भाग पडले, आणि ते काम २ क्वेरींत झाले.

आमचा प्रोग्रॅम जुना आहे आणि सगळे एकात एक मिसळलेले आहे. नव्याने लिहावा का?

नको. चालू प्रोग्रॅममध्ये वर्षानुवर्षांचे असे अनेक निर्णय दडलेले असतात जे कुठेही लिहिलेले नसतात, आणि नव्याने लिहिताना नेमके तेच निसटतात. एका वेळी एक आकडा घ्यावा. तो जिथे जिथे काढला जातो त्या सगळ्या जागा शोधाव्यात. आधी त्याच फाइलीत हिशेब वरच्या भागात आणि छपाई खालच्या भागात अशी विभागणी करावी, आणि मगच हिशेब वेगळ्या फंक्शनमध्ये न्यावा. बदलाच्या आधी शंभरेक जुन्या पावत्या काढून ठेवाव्यात आणि नंतर त्याच पुन्हा काढून एकेक अक्षर ताडून पाहावे. फरक दिसला तर लगेच दुरुस्त करू नये. जुनी पावती चुकीची होती का, हे आधी पाहावे. आमच्याकडे दोनदा तसेच निघाले.

फंक्शन वेगळे झाले की त्याच्या चाचण्या स्क्रीन न उघडता लिहिता येतात. मुदतीच्याच दिवशी आलेले पुस्तक, रविवारी संपलेली मुदत, दिवाळीची सलग सुटी, अशी उदाहरणे आम्ही खिडकीवर बसणाऱ्यांनाच विचारून घेतली, कारण भांडणे कशावरून होतात हे त्यांना ठाऊक असते.

लहानशा प्रोग्रॅमलाही हे सगळे करावे का?

एकदाच चालवून टाकून द्यायच्या चाळीस ओळींच्या स्क्रिप्टसाठी मी करत नाही. त्याच आकड्याची दुसरी मांडणी कुणी मागितली की मात्र करतो. आमच्या वार्षिक अहवालाची फाइल अजून जुन्याच पद्धतीची आहे. हिशेब आणि छपाई तिच्यात हातात हात घालून नांदतात, पण ती मार्चअखेरीस एकदा चालते आणि तिच्यातला एकही आकडा दुसरीकडे कुठे निघत नाही. यंदा समितीने तोच अहवाल गुजरातीतही मागितला आहे, त्यामुळे या उन्हाळ्यात तिची पाळी आहे.